अमेरिकेत डिझाइनचं मास्टर्स करायला निघालीस, तर आधी तारखा बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरात बी.आर्क., मग पुण्यात तीन वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी, आता हातात दोन ॲडमिट, एक खासगी आर्ट स्कूलचं इंटरॅक्शन डिझाइनमधलं एमएफए आणि दुसरं स्टेट युनिव्हर्सिटीचं ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शनमधलं एमएस (दोन्हीत शिकायचं ते हेच, की ॲप-वेबसाइटसारख्या गोष्टी लोकांना सहज वापरता येतील अशा कशा करायच्या), दोन्ही दोन वर्षांचे, घर तारण ठेवून लोन काढायचंय आणि विचारतेस की ताई, कुठलं घेऊ आणि शेवटी नोकरी लागेल का. नोकरी लागेलच असं मी तुला सांगणार नाही, कारण ते कोणालाच सांगता येत नाही. पण ज्यांची गाडी अडकते त्यांची कुठे अडकते हे मी गेली दहा वर्षं बघतेय. मी सांगलीची. २०१४ ला एमएस करायला इथे आले, मे २०१६ मध्ये पास झाले, तेव्हापासून प्रॉडक्ट डिझायनर म्हणून काम करतेय आणि गेली काही वर्षं टीममध्ये नवीन माणसं घ्यायचं कामही माझ्याकडेच आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

मला जे सांगायचंय ते एकच आहे. या सगळ्या प्रवासात सगळ्यात लवकर संपतो तो वेळ. पैसे कुठून तरी उभे राहतात, स्किल शिकता येतं, पण व्हिसाच्या तारखा पुढे सरकत नाहीत, आणि आपली मुलं इथे येतात ती मनात असं धरून की पहिलं वर्ष शिकू, दुसऱ्या वर्षी पोर्टफोलिओ करू, मग नोकरी शोधू. हा क्रम आपल्याकडे बरोबर वाटतो, इथे तो चुकतो.

आधी तुझा दोन ॲडमिटचा प्रश्न. कॉलेजचं नाव, रँकिंग, कॅम्पसचे फोटो हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेव आणि दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला एक साधी मेल टाक, की या कोर्सचा सीआयपी कोड काय आहे. प्रत्येक कोर्सला असा सहा आकडी कोड असतो, तो तुझ्या आय-२० वरही, म्हणजे कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावरही, छापून येतो. डिग्रीनंतर सगळ्यांना १२ महिने काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. कोड सरकारच्या स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या विषयांच्या) असला तर वर आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण तीन वर्षं. ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शनचा स्वतंत्र कोड ३०.३१०१ आहे आणि तो त्या यादीत आहे. ५०.०४ ने सुरू होणारे जे डिझाइनचे कोड आहेत, ग्राफिक डिझाइन, इंडस्ट्रियल डिझाइन वगैरे, ते बहुतेक त्या यादीत नाहीत. गंमत अशी की दोन कॉलेजांमध्ये जवळजवळ तोच सिलॅबस, तीच सॉफ्टवेअर्स, तशीच स्टुडिओची कामं असतात आणि कोड मात्र वेगळे असतात, कारण कोड बऱ्याचदा कोर्स कुठल्या विभागाखाली सुरू झाला त्यावरून पडलेला असतो. म्हणून कोर्सच्या नावावरून अंदाज करू नकोस, लेखी उत्तर मागव.

हे मी इतकं ठासून का सांगतेय तर माझी रूममेट. ती पुण्याची, ग्राफिक डिझाइनचं एमएफए, हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, टाइपची, म्हणजे छापील अक्षरांच्या वळणांची, जाण तर अशी की आमच्या प्रोफेसरबाई तिला दुसऱ्या सेक्शनला शिकवायला पाठवायच्या. दोघी एकाच आठवड्यात पास झालो. माझा कोड स्टेमचा होता आणि त्याच मे महिन्यात नवा नियम लागू होऊन जादा मुदत १७ वरून २४ महिन्यांवर गेली. तिला मिळाले १२ महिने आणि त्यात एच-वन-बी च्या, म्हणजे पुढे इथे नोकरी करायला लागणाऱ्या व्हिसाच्या, लॉटरीची एकच संधी, एप्रिल २०१७ ची. त्या वर्षी सुमारे १ लाख ९९ हजार अर्ज आले होते आणि जागा ८५ हजार, ६५ हजार सगळ्यांसाठी आणि २० हजार अमेरिकेतलं मास्टर्स केलेल्यांसाठी. तिचा नंबर लागला नाही. माझाही लागला नाही! पण मला २०१८ मध्ये परत बसता आलं आणि तेव्हा लागला, तिला सामान बांधावं लागलं. आमच्या कामात काही फरक नव्हता, फरक होता त्या सहा आकड्यांचा, आणि ॲडमिशन घेताना आम्हा दोघींनाही तो कोणी सांगितला नव्हता.

आणखी एक गोष्ट तपास, ही तर फारच कमी जणांना माहीत असते. तो २० हजारांचा मास्टर्सचा कोटा सरकारी किंवा ना-नफा संस्थेतून डिग्री घेतलेल्यांनाच मिळतो. इथली काही खासगी आर्ट स्कूल्स फॉर-प्रॉफिट आहेत, म्हणजे मालकाच्या नफ्यासाठी चालतात, आणि तिथलं मास्टर्स, कितीही फी भरली तरी, त्या कोट्यात धरलं जात नाही. तुझं आर्ट स्कूल कुठल्या प्रकारात बसतं ते विचार. मला तुझ्या जागी बसवलं तर दोन्ही उत्तरं येईपर्यंत मी एक रुपया डिपॉझिट भरणार नाही, आणि उत्तरं मला वाटतात तशी आली तर स्टेट युनिव्हर्सिटीचं एमएस घेईन.

आता तो क्रम का चुकतो ते. इथे मोठ्या कंपन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या जाहिराती आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. तू उतरणार ऑगस्टमध्ये. म्हणजे तुझं बँकेचं खातं उघडलेलं नसेल, कुठल्या दुकानात चांगली कणीक मिळते ते कळलेलं नसेल, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज सुरू झालेले असतील, आणि अर्जासोबत पोर्टफोलिओ लागतो, आणि कॉलेजातला एकही प्रोजेक्ट तोपर्यंत झालेला नसतो. मग दाखवायचं काय? जे पुण्यातून घेऊन आलीस ते. आणि ही इंटर्नशिप महत्त्वाची का, तर साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर सीपीटी नावाची परवानगी मिळते, तिच्यावर तू पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात पगारी काम करू शकतेस, आणि पहिली पूर्णवेळ नोकरी बऱ्याच जणांना तिथूनच, त्याच टीममध्ये किंवा तिथल्या कोणाच्या तरी ओळखीने मिळते. (सीपीटीवर पूर्णवेळ १२ महिने काम केलंस तर ओपीटी गमावतेस, एवढं लक्षात असू दे, उन्हाळ्याचे तीन महिने केलेस तर काही बिघडत नाही.) कार्नेगी मेलनच्या एमएचसीआयसारखे एका वर्षात संपणारे कोर्सही आहेत, तिथे ती उन्हाळ्याची फट नसते, त्या जागी कंपनीसोबतचा मोठा कॅपस्टोन प्रोजेक्ट असतो. तुझे दोन्ही कोर्स दोन वर्षांचे आहेत, म्हणजे तो एक उन्हाळा तुझ्याकडे आहे, आणि तो पकडायची तयारी आत्ता, या मे-जून-जुलैमध्ये करायची.

मी ही तयारी केली नव्हती. ऑक्टोबरमध्ये वर्गातली अर्धी मुलं इंटरव्ह्यू देत होती आणि माझ्याकडे आर्ट स्कूलला जाताना करतात तशी चित्रं आणि दोन लोगो. मग मी दिवाळीच्या सुमारास, अभ्यास सांभाळून, एकच गोष्ट बसून लिहून काढली. निघायच्या आधी सांगलीच्या एसटी स्टँडवर मी तीन दिवस चौकशीच्या खिडकीशेजारी उभी राहून लोक काय विचारतात ते वहीत लिहिलं होतं, तेव्हा नुसती उत्सुकता म्हणून. वर भिंतीवर वेळापत्रकाचा मोठा बोर्ड आहे, तरी खिडकीपाशी गर्दी का, हा प्रश्न होता. वही परत वाचली तेव्हा दिसलं की "गाडी किती वाजता" हे विचारणारे कमीच होते. बहुतेकांचा प्रश्न होता "लागली का?" म्हणजे गाडी फलाटाला लागली का. वेळ सगळ्यांना पाठ असते, बोर्ड जे सांगतो ते लोकांना आधीच माहीत असतं, आणि जे त्यांना हवंय ते बोर्डवर कुठेच नाही. त्यावर मी कंट्रोलरला एका हाताने बदलता येईल अशी साधी पाटी सुचवली होती, फलाट क्रमांक आणि लागली किंवा नाही, बस. स्क्रीन नाही, ॲप नाही. त्या एका प्रोजेक्टवर मला मार्चमध्ये एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअर टीमने इंटर्न म्हणून घेतलं. नंतर माझ्या मॅनेजरने सांगितलं की तू तीन दिवस उभी राहिलीस आणि तुझं पहिलं गृहीतक सोडून दिलंस, हे आम्हाला बाकी कोणाच्या पोर्टफोलिओत दिसलं नव्हतं.

तुझ्याकडे याहून चांगलं काहीतरी आहे आणि तू ते प्रश्नात एका ओळीत लिहून पुढे गेलीस. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं काम, बेचाळीस फ्लॅटधारक, प्लॅन समजावायच्या मीटिंगा तू घ्यायचीस. अगं, हेच तर काम आहे! आजोबांना प्लॅन वाचता येत नाही पण देवघर कुठल्या दिशेला येणार ते त्यांना कळायला हवं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कार्पेट एरिया चारशे चाळीस म्हणजे आत्ताच्यापेक्षा मोठं की लहान हे दिसायला हवं, कोणाचा तरी भाऊ अमेरिकेतून व्हॉट्सॲपवर खोडे घालतोय, आणि या सगळ्यांची सही हवीय. तू काय दाखवलंस? प्लॅनचा कागद चालला नाही म्हणून मॉडेल केलंस, का जमिनीवर खडूने खोली आखून दाखवलीस? काय फसलं? कुठल्या बदलानंतर मीटिंग शांत झाली? हे लिही. आर्किटेक्चरवरून येणारी मुलं हे सगळं लपवतात आणि एखादं काल्पनिक फूड डिलिव्हरी ॲप रीडिझाइन करून टाकतात, मी आठवड्याला असे कितीतरी बघते आणि नाव सुद्धा लक्षात राहत नाही.

पोर्टफोलिओ बघणाऱ्याच्या बाजूने सांगते. पहिल्या चाळणीत माझ्याकडे एका माणसासाठी दीड-दोन मिनिटं असतात. त्यात मी चिकट नोटांचे फोटो, पर्सोना (वापरणाऱ्यांची काल्पनिक पात्रं), आणि डिझाइनचे टप्पे दाखवणारा तो दोन हिऱ्यांचा डायग्राम सोडून देते, कारण ते प्रत्येकाकडे सारखंच असतं आणि त्यातून माणूस दिसत नाही. मी शोधते ते निर्णय. इथे दोन रस्ते होते, हा घेतला, या कारणाने, आणि त्याची ही किंमत मोजली. असे तीन प्रोजेक्ट पुरे, चौथा कच्चा असेल तर काढून टाक. मराठीतलं काम असेल तर ते इंग्रजीत बदलू नकोस. देवनागरीचा प्रश्न मांडलास तर तो समोरच्याला नवीन असतो आणि तुला आतून माहीत असतो. आपला मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, फॉन्टमध्ये त्यांची सोय असली तरी फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळणच दिसतं, हे एवढं सांगितलं तरी टाइप कळणारा इंटरव्ह्यूअर खुर्चीत पुढे सरकतो. विंडोजवरचा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवायचे, मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुंबईच्या एक टाइपने केले, ही परंपरा आपली आहे, ती मांडायला संकोच कशाला.

एक सवय मात्र मोडावी लागेल. आपण मराठी माणसं स्वतः केलेलं काम सांगताना "आम्ही केलं" म्हणतो. घरी ते नम्रपणाचं लक्षण आहे, इथे इंटरव्ह्यूत समोरचा शांतपणे विचारतो की यात तुम्ही नक्की काय केलं, आणि मुलगी गडबडते, आणि मी बघतेय की काम तिचंच आहे पण तोंडातून मी निघत नाहीये. मी स्वतः आरशासमोर उभी राहून प्रॅक्टिस केलीय. टीमचं श्रेय टीमला द्यायचं, आणि त्यातला तुझा भाग स्पष्ट "मी" म्हणून सांगायचा. पूर्ण इंटरव्ह्यूत साधारण पाऊण ते एक तास पोर्टफोलिओ सादर करायचा असतो, मग फळ्यावर एखादा प्रश्न सोडवायला देतात, तिथेही उत्तरापेक्षा तू बोलत-बोलत विचार करतेस का ते बघतात. मेसच्या टेबलावर मैत्रिणींसमोर दर आठवड्याला एकदा करून बघ, दुसरं औषध नाही.

आता परत तारखांकडे. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. पहिल्याच दिवसांत कर, परवानगीचं कार्ड यायला महिने लागू शकतात. सुरुवातीची तारीख मात्र तू निवडायची असते, कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत कुठलीही, आणि ती विचार करून निवड, कारण ओपीटी सुरू झाली की नोकरीशिवाय राहायला जे एकूण ९० दिवस मिळतात ते मोजायला सुरुवात होते. हातात ऑफर नसेल तर उशिराची तारीख घे. ते दिवस संपत आले आणि नोकरी नसेल तर पहिल्या १२ महिन्यांत आपल्या क्षेत्रातलं, आठवड्याला किमान २० तासांचं, एखाद्या ना-नफा संस्थेतलं बिनपगारी काम सुद्धा चालतं, त्याने दिवस मोजणं थांबतं. स्टेमच्या जादा मुदतीत हे चालत नाही, तिथे पगारच हवा, कंपनी ई-व्हेरिफाय या, कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी आणि आय-९८३ नावाचा ट्रेनिंगचा फॉर्म भरून द्यावा लागतो. छोट्या डिझाइन स्टुडिओंना हे माहीतच नसतं, म्हणून ऑफर घेताना पहिल्या वर्षीच विचार. मला एका कंपनीने तोंडी ऑफर देऊन, व्हिसाचं ऐकल्यावर दोन दिवसांत ती मागे घेतली होती, तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की रिक्रूटरच्या पहिल्या फोनवरच सरळ सांगून टाकायचं, लपवून पाच राउंड देण्यात तुझेच आठवडे जातात.

एच-वन-बी चं गणित माझ्या वेळेपेक्षा बदललंय. आता मार्चमध्ये ऑनलाइन रजिस्ट्रेशन असतं, मार्च २०२५ च्या फेरीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र रजिस्ट्रेशन होती आणि १ लाख २० हजारांच्या आसपास निवडली गेली. २०२६ पासून निवडीत पगाराच्या पातळीला वजन आहे, पहिल्या पातळीची एक चिठ्ठी तर चौथीच्या चार, म्हणजे नुकत्याच पास झालेल्यांना जड जाणार. पण ही पातळी त्या-त्या भागातल्या पगारांवरून ठरते, म्हणून जो पगार सॅन फ्रान्सिस्कोत खालच्या पातळीत बसतो तोच एखाद्या मधल्या शहरात वरच्या पातळीत बसू शकतो. सगळ्यांनी कॅलिफोर्नियाच धरायची गरज नाही. विमा कंपन्या, बँका, हॉस्पिटलं, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना डिझायनर लागतात आणि तिथे अर्जांची रांग लहान असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर्सची फी आली ती तू ऐकली असशील, त्यानंतरच्या ऑक्टोबरमधल्या खुलाशाप्रमाणे इथे राहून स्टेटस बदलणाऱ्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बी वर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागत नाही. म्हणून स्टेटस बदलायचा अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर जाऊ नकोस, गेलीस की तो स्टेटसचा अर्ज सोडून दिला असं धरतात. बहिणीचं लग्न असलं तरी आधी वकिलाला विचार.

आणि लॉटरीशिवायचाही एक दरवाजा आहे. युनिव्हर्सिट्या, त्यांना जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना हा आकड्यांचा कोटा लागू नाही, तिथे वर्षभरात कधीही एच-वन-बी करता येतो. पगार कमी असतो, पण युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीची वेबसाइट, पेशंटचं पोर्टल, संशोधकांसाठीची टूल्स ही खरी, अवघड डिझाइनची कामं आहेत. पहिल्या वर्षीच कॅम्पसवर २० तासांची नोकरी शोधताना कँटीनच्या आधी अशा ऑफिसांची दारं ठोठाव, पुढे तीच माणसं ओळखीची होतात.

लोनचं म्हणशील तर दोन हिशेब मांड, एक इथल्या पगारावर आणि एक पुण्यातल्या पगारावर, आणि दुसऱ्या हिशेबात हप्ता झेपत नसेल तर रक्कम कमी कर, स्वस्त कॉलेज घे किंवा एक वर्ष थांबून असिस्टंटशिप (शिकवण्यात-संशोधनात मदत करून पगार किंवा फीमाफी) देणाऱ्या ठिकाणी परत अर्ज कर. आईबाबांसमोर दोन्ही कागद ठेव, घर त्यांचं आहे. माझी रूममेट २०१७ मध्ये परतली तेव्हा पहिली दोन वर्षं हप्त्यांनी तिचा जीव काढला, ते मी फोनवर ऐकलंय. आज ती पुण्यात टाइप आणि पुस्तकांचं काम करते आणि मी तिचं काम बघून अजूनही थांबते, पण ती दोन वर्षं तुझ्या वाट्याला येऊ नयेत.

सध्यापुरतं एवढंच कर. आजच्या आज दोन मेल टाक, कोड काय आणि संस्था ना-नफा आहे का. मग या शनिवारी-रविवारी बसून त्या बेचाळीस घरांची गोष्ट लिही, आधी मराठीत, आईला सांगतेस तशी, कोण काय म्हणालं त्याच्यासकट. इंग्रजी नंतर करू. कोणत्या मीटिंगला काय कागद नेला होतास ते आठवत नसेल तर ऑफिस सोडायच्या आधी फायली बघून घे, क्लायंटची नावं काढून टाक आणि साहेबांची परवानगी घे.